बदली धावपटू : डेन्व्हरच्या संघाची कहाणी

दिनांक ३१ जानेवारी १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरी अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, खेळला गेला. एका बाजूस वॉशिंग्टनचा संघ होता, दुसऱ्या बाजूस डेन्व्हरचा. वॉशिंग्टनचा मुख्य धावपटू जॉर्ज रॉजर्स हा नाणावलेला गडी. परंतु प्रशिक्षक जो गिब्ज यांनी त्याच्याऐवजी टिमी स्मिथ नावाच्या नवख्या पोराला आरंभापासून उतरवण्याचे ठरवले होते. त्या संपूर्ण हंगामात स्मिथच्या नावावर जेमतेम १२६ यार्ड धाव होती. दडपणाने पोराची झोप उडेल म्हणून ही बातमी त्याला अगदी सामन्याच्या तोंडावर सांगण्यात आली. त्या दिवशी तो २२ वेळा चेंडू घेऊन २०४ यार्ड धावला. सुपर बोलमधला तो विक्रम आजही अबाधित आहे. वॉशिंग्टनने ४२-१० असा विजय मिळवला. पुढे स्मिथचे काय झाले? आणखी दोन हंगामांत थोडेसे खेळून तो या खेळातून बाहेर पडला. नियमित हंगामांतली त्याची आयुष्यभराची धाव भरते अवघी ६०२ यार्ड.

त्या दिवशी पराभूत झालेल्या डेन्व्हरच्याच संघाने पुढच्या वीस वर्षांत 'दुसऱ्या क्रमांकाचा धावपटू कसा निवडावा' या प्रश्नाला जवळजवळ शास्त्राचे रूप दिले. त्या शास्त्राचा हा इतिहास आहे. माझी मुलगी डेन्व्हरजवळ राहते. तिच्याकडच्या मुक्कामात हा खेळ मी प्रथम नीट पाहिला, आणि आयुष्यभर कचेरीत 'प्रभारी' हा शब्द वाचत आल्यामुळे असेल, माझी नजर मुख्य खेळाडूपेक्षा त्याच्या जागी येणाऱ्यावरच अधिक खिळली.

आपल्याकडे या खेळाचा परिचय कमी असल्याने दोन शब्द आधी सांगणे भाग आहे. क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार. तो चेंडू एकतर दूरवर फेकतो, नाहीतर आपल्या मागे उभ्या असलेल्या धावपटूच्या हाती देतो. या धावपटूस रनिंग बॅक म्हणतात. समोर तीनशे पौंडांच्या आसपास वजनाची माणसे भिंतीसारखी उभी असतात. त्यांच्यातल्या क्षणभराच्या फटीतून त्याने पुढे शिरायचे असते. दहा यार्डांची मजल मारण्यास चार संधी मिळतात. प्रत्येक धाव बहुधा कोणीतरी अंगावर आदळूनच संपते. एका हंगामात तीनशे वेळा चेंडू नेणारा माणूस तितक्याच वेळा खाली आपटलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दुसऱ्या धावपटूची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ही गरज मात्र पहिल्यापासून अशीच नव्हती. १९२५ साली संघात सोळाच खेळाडू ठेवण्याची मर्यादा होती, आणि तीच माणसे चढाईही करीत व बचावही. खेळाडू बदलण्यावर बंधने होती. १९५० साली मुक्त बदलीचा नियम कायमचा झाला आणि प्रत्येक कामाला वेगळा माणूस ही पद्धत रुजली. पुढे हंगाम वाढत गेला : १९६१ पासून चौदा सामने, १९७८ पासून सोळा, २०२१ पासून सतरा. संघातल्या माणसांची संख्या १९९३ साली त्रेपन्नावर स्थिरावली. त्रेपन्न हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण त्यात रनिंग बॅक तीन, फार तर चार. सामन्याच्या दिवशी तर त्यांतलेही सगळे पोशाख चढवीत नाहीत.

म्हणूनच तिसऱ्या वा चौथ्या धावपटूची निवड करताना प्रशिक्षक तो किती वेगाने धावतो हे शेवटी पाहतो. आधी पाहतो ते असे : क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास हा अंगावर घेईल का? फेकलेला चेंडू झेलेल का? आणि चेंडू लाथाडून खेळ सुरू होतो तेव्हा, ज्या तुकडीस तिकडे 'स्पेशल टीम' म्हणतात तिच्यात, जीव तोडून पळत जाऊन समोरच्याला पाडेल का? क्रिकेटमधला बारावा खेळाडू क्षेत्ररक्षण करतो, पण त्याला फलंदाजी करता येत नाही. येथे उलटे आहे. बाराव्याचे काम चोख केल्याशिवाय फलंदाजी मिळतच नाही.

दोन धावपटू मिळून काय करू शकतात हे १९७२ साली मायामीच्या संघाने दाखवले होते. त्या वर्षी तो संघ सतराच्या सतरा सामने जिंकला. असा हंगाम त्यापूर्वी कोणाचा झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही. लॅरी झॉन्का १११७ यार्ड धावला, तर मर्क्युरी मॉरिस बरोबर १०००. एकाच संघाच्या दोघांनी हजाराचा टप्पा गाठण्याची ती पहिलीच वेळ. हंगाम संपला तेव्हा मॉरिसच्या नावावर खरे तर ९९१ यार्ड लागले होते. चित्रफीत पुन्हा तपासून त्याच्या माथी मारलेली नऊ यार्डांची पिछेहाट रद्द करण्यात आली. हिशेबतपासणीची ही कामगिरी वाचून माझ्यासारख्या जुन्या कारकुनी माणसाला संतोष वाटला. असो. मायामीची ती व्यवस्था प्रशिक्षक डॉन शूला यांच्या हाती चांगली माणसे होती म्हणून जुळून आली. हाती तशी माणसे नसतानाही ती घडवायची कशी, हा प्रश्न डेन्व्हरचा होता.

१९९५ साली माइक शानाहन डेन्व्हरचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी सोबत दोन माणसे आणली : धावपटूंचे प्रशिक्षक बॉबी टर्नर आणि आघाडीच्या फळीचे प्रशिक्षक ॲलेक्स गिब्ज. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९९४ साली, दोन गोष्टी घडल्या होत्या. एक, प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर ३ कोटी ४६ लक्ष डॉलरची मर्यादा आली. दुसरी, महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, म्हणजे ड्राफ्टच्या, फेऱ्या सातवर आल्या. १९९२ पर्यंत त्या बारा होत्या. तिजोरीला कुलूप लागल्यावर स्वस्त माणूस हेरण्याची विद्या महाग होते. शानाहनच्या कारकिर्दीचा आरंभ नेमका याच वळणावर झाला.

ॲलेक्स गिब्ज यांची पद्धत 'झोन ब्लॉकिंग' या नावाने ओळखली जाते. जुन्या पद्धतीत फळीतल्या प्रत्येकाने समोरचा एक ठरलेला माणूस हटवायचा असे. गिब्जच्या पद्धतीत पाचही जण एकाच दिशेला पाऊल टाकतात आणि आपापल्या टापूत जो येईल त्याला ढकलत नेतात. समोरची भिंत एका अंगाला सरकू लागते आणि सरकता सरकता कुठेतरी तडकते. ही तड कुठे पडेल ते आधी सांगता येत नाही. धावपटूने दोन-तीन पावले फळीबरोबर आडवे जायचे, तड दिसताच एकदाच पाय रोवून वळायचे आणि सरळ सुटायचे. एकच वळण. नाचायचे नाही, मागे फिरायचे नाही. यासाठी फळीतली माणसे अगडबंब नसून चपळ असावी लागतात, म्हणून डेन्व्हरने तीनशे पौंडांच्या आतले गडी पसंत केले. या माणसांनी वृत्तपत्रांशी बोलायचे नाही असाही एक अलिखित नियम होता. प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यांखाली झेप घेऊन त्याला पाडण्याच्या त्यांच्या सवयीवर मात्र कडक टीका झाली, आणि ती रास्त होती असे माझे मत आहे. एकाचे गुडघे वाचवण्यासाठी दुसऱ्याचे धोक्यात घालणे नियमात बसत असले, तरी शोभत नाही.

या पद्धतीला कोणता धावपटू हवा, याचे उत्तर टर्नर यांना पहिल्याच वर्षी मिळाले. टेरेल डेव्हिस हा जॉर्जिया विद्यापीठाचा मुलगा. तेथे तो आधी गॅरिसन हर्स्टच्या सावलीत राहिला, मग दुखापतींनी बेजार झाला. ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर डेन्व्हरने त्याला घेतले, तेव्हा संघातल्या धावपटूंच्या यादीत तो सहावा होता. ऑगस्ट १९९५ मध्ये संघ सरावाच्या सामन्यासाठी टोकियोला गेला. आपली येथे काही डाळ शिजत नाही असे वाटून डेव्हिस गाशा गुंडाळून घरी परतण्याच्या विचारात होता. पण विमानाची व्यवस्था करण्यापुरतेही जपानी त्याला येत नव्हते, असे त्याने स्वतः सांगितले आहे. सामन्यात त्याला स्पेशल टीममध्ये पाठवले, आणि चेंडू घेऊन येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर त्याने अशी काही धडक मारली की सगळा संघ उठून उभा राहिला. धावण्याची संधी त्याला मिळाली ती त्या धडकेमुळे. त्या हंगामात तो १११७ यार्ड धावला, १९९६ मध्ये १५३८, १९९७ मध्ये १७५०. २५ जानेवारी १९९८ रोजी, ज्या सॅन डिएगोत दहा वर्षांपूर्वी टिमी स्मिथने डेन्व्हरची दाणादाण उडवली होती त्याच शहरात, अर्धशिशीने मध्येच काही वेळ दिसेनासे झाले असतानाही डेव्हिसने १५७ यार्ड आणि तीन टचडाउन मिळवून सुपर बोल जिंकून दिला. सॅन डिएगो हे त्याचे जन्मगाव. त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात तो २००८ यार्ड धावला. दोन हजारांची मजल त्यापूर्वी तिघांनाच साधली होती.

ऑक्टोबर १९९९ मध्ये, हंगामाच्या चौथ्याच सामन्यात, प्रतिस्पर्ध्याने चेंडू पकडला आणि त्याला अडवायला डेव्हिस धावला. त्या गर्दीत त्याच्या उजव्या गुडघ्याचे स्नायुबंध फाटले. चेंडू त्या वेळी त्याच्या हातात नव्हताही.

येथून बदली माणसांची रांग सुरू होते. संघात डेरेक लोव्हिलसारखा अनुभवी धावपटू होता. तरीही काम पडले ते त्याच वर्षी चौथ्या फेरीत घेतलेल्या ओलँडिस गॅरीवर. हाही जॉर्जियाचाच. बारा सामन्यांत तो ११५९ यार्ड धावला. संघ त्या वर्षी सोळांपैकी सहाच सामने जिंकला, म्हणजे यश सोपे होते असे म्हणता येत नाही. २००० साली गॅरी हाच दावेदार ठरत होता, पण पहिल्याच सामन्यात त्याचाही गुडघा गेला.

मग आला माइक अँडरसन. या माणसाची हकीकत मला सर्वांत अधिक भावते. शाळेत तो फुटबॉल खेळलाच नव्हता, वाद्यवृंदात होता. शाळा संपल्यावर चार वर्षे त्याने अमेरिकेच्या मरीन दलात काढली आणि तेथे छावणीच्या संघातून तो खेळू लागला. पुढे एक लहानसे महाविद्यालय, मग यूटा विद्यापीठ, आणि सहाव्या फेरीत १८९ वा क्रमांक. पदार्पणाच्या वर्षी त्याचे वय सत्तावीस झाले. रनिंग बॅकच्या धंद्यात हे उतरणीचे वय. त्या वर्षी तो १४८७ यार्ड धावला, डिसेंबरात न्यू ऑर्लिन्सविरुद्ध एकाच सामन्यात २५१, आणि चढाईतल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान त्याला मिळाला. त्याहून मोठी गोष्ट पुढची. संघाला गरज पडली तेव्हा तो फुलबॅक झाला, म्हणजे दुसऱ्याला वाट करून देण्यासाठी स्वतः पुढे जाऊन धडका खाणारा. आणि २००५ साली, वयाच्या बत्तिशीत, पुन्हा मुख्य धावपटू होऊन त्याने हजार यार्ड पुरे केले.

क्रम तेथेही थांबला नाही. २००२ मध्ये दुसऱ्या फेरीतल्या क्लिंटन पोर्टिसने १५०८ यार्ड केले, पुढच्या वर्षी १५९१. २००४ च्या मार्चमध्ये शानाहननी त्याला वॉशिंग्टनला देऊन बदल्यात चँप बेली हा अव्वल बचावपटू आणि वर एक ड्राफ्टची जागा मिळवली. धावपटू पुन्हा मिळेल, असा बचावपटू मिळणार नाही, हा त्यामागचा सरळ हिशेब. त्याच वर्षी फुलबॅक म्हणून ठेवलेला रूबेन ड्रॉन्स १२४० यार्ड धावला. सहा हंगामांत चार वेगवेगळी माणसे आणि प्रत्येक जण हजाराच्या पुढे! साहजिकच लोक म्हणू लागले की डेन्व्हरच्या त्या फळीमागे कोणालाही उभे करा, हजार यार्ड होतीलच.

या 'कोणालाही' शब्दाने फार अन्याय केला. डेव्हिसचे गुडघे पूर्ववत झालेच नाहीत. २००२ साली त्याने खेळ सोडला. सन्मान-मंदिराचे दार त्याला उघडले ते २०१७ साली. इतका काळ जाण्याचे एक कारण त्याची कारकीर्द अल्प होती हे खरे. पण त्याच्या मागून आलेल्यांचे यशच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडले जात राहिले, हेही तितकेच खरे. प्रभारी अधिकाऱ्याने कचेरी नीट चालवली म्हणजे कायम अधिकाऱ्याचे कर्तृत्व शून्य ठरते काय? मागाहून आलेल्यांपैकी कोणी दोन हजारांच्या आसपासही पोचला नाही, ही साधी गोष्ट वाद घालणारे विसरत. दुसऱ्या बाजूने, पोर्टिसने वॉशिंग्टनमध्ये २००५ साली १५१६ यार्ड केले आणि ड्रॉन्सने क्लीव्हलँडमध्ये १२३२. म्हणजे गिब्जच्या फळीवाचूनही ते धावू शकत होते. याउलट गॅरीला १९९९ नंतर एकाही हंगामात पाचशेचा आकडा दिसला नाही. प्रत्येक माणसाबाबत निकाल निराळा लागतो. माझ्या मते पद्धतीने धावपटू निर्माण केले नाहीत. कोणता धावपटू निवडायचा हे पद्धतीने स्पष्ट केले. नेमके काय हवे ते ठाऊक असल्याने टर्नर यांना सहाव्या फेरीत, इतरांना जेथे उरलासुरला माल दिसे तेथे, आपला माणूस दिसत असे.

आणि ही नजर चुकतही असे, त्याची नोंद केलीच पाहिजे. २००५ साली डेन्व्हरने तिसऱ्या फेरीच्या शेवटी मॉरिस क्लॅरेट याला घेतले. ओहायो राज्य विद्यापीठास राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देण्यात वाटा असलेला, वयाच्या अटीविरुद्ध एनएफएलला न्यायालयात खेचणारा हा तरुण दोन वर्षे खेळापासून दूर होता. सरावाच्या सामन्यातही न उतरता ऑगस्टमध्येच त्याला निरोप मिळाला. आधीची ख्याती पाहून केलेली ही निवड अशी वाया गेली.

याच काळात कॅन्सस सिटीत वेगळा प्रकार चालला होता. प्रीस्ट होम्स हा त्यांचा धावपटू स्वतः ड्राफ्टमध्ये कोणी न निवडलेला. २००० साली बाल्टिमोरमध्ये जमाल लुइसचा बदली म्हणून त्याने वर्ष काढले आणि पुढच्याच वर्षी कॅन्सस सिटीकडून १५५५ यार्ड करून साऱ्या लीगमध्ये पहिला आला. त्याचा कंबरेचा सांधा दुखावला म्हणून २००३ साली त्या संघाने पहिल्या फेरीत लॅरी जॉन्सनला घेतले. बदली माणसासाठी पहिली फेरी खर्चणे म्हणजे एका अर्थी मुख्य माणसाला नोटीस देणेच. जॉन्सन दोन वर्षे कुढत बसला. प्रशिक्षक व्हर्मील यांनी २००४ मध्ये, आता याने लंगोट सोडायला हवेत, अशा अर्थाचे बोल जाहीरपणे काढले. वरिष्ठाने असे चारचौघांत बोलू नये. होम्स जखमी झाल्यावर २००५ साली जॉन्सन १७५० यार्ड धावला. २००६ मध्ये त्याच्याकडून ४१६ वेळा चेंडू नेववला. एका हंगामातला तो विक्रम अद्याप मोडलेला नाही. कोणी मोडू नये. पुढच्या वर्षी आठ सामन्यांतच त्याचे पाऊल मोडले आणि जुनी धार परत आली नाही. दुसरा माणूस पहिला झाल्यावर त्याच्यामागे दुसरा कोण, हे कोणी पाहिलेच नाही.

शानाहन २००८ च्या हंगामानंतर डेन्व्हरमधून गेले, पण ती विद्या त्यांच्या माणसांबरोबर गावोगाव गेली. त्यांचे जुने सहकारी गॅरी कूबियाक यांच्या ह्यूस्टनच्या संघात २०१० साली एरियन फॉस्टर १६१६ यार्ड करून पहिला आला. ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही विचारले नव्हते. वॉशिंग्टनमध्ये शानाहन व टर्नर यांनी २०१२ साली सहाव्या फेरीतल्या आल्फ्रेड मॉरिसकडून १६१३ यार्ड करवून घेतले. मग माइक शानाहनचे चिरंजीव काइल २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक झाले आणि टर्नर त्यांच्याबरोबर तेथे गेले. पूर्वी सहा संघांनी काढून टाकलेला आणि मुख्यतः स्पेशल टीममध्ये राबणारा रहीम मोस्टर्ट याने जानेवारी २०२० मध्ये तेथे उपान्त्य सामन्यात २२० यार्ड आणि चार टचडाउन केले. टोकियोतल्या त्या धडकेची ही जणू तिसरी पिढी.

या यशाची झळ धावपटूंच्या जमातीलाच बसली. बदली माणूस स्वस्तात मिळतो असे ठरल्यावर मुख्य माणसाचा भाव कोण देणार? पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेलने वेतनाच्या वादात २०१८ चा पूर्ण हंगाम सोडून दिला. त्याच्या जागी आलेला, कर्करोगातून बरा झालेला जेम्स कॉनर ९७३ यार्ड धावला आणि बेलच्या हातचे हत्यारच गळून पडले. लॉस एंजेलिसच्या टॉड गर्लीला जुलै २०१८ मध्ये ५ कोटी ७५ लक्ष डॉलरचा नवा करार मिळाला. डिसेंबरात त्याचा गुडघा दुखू लागला, तेव्हा घरी बसलेल्या सी. जे. अँडरसनला बोलावून आणले आणि त्याने पहिल्याच सामन्यात १६७ यार्ड केले. मार्च २०२० मध्ये गर्लीला मुक्त करण्यात आले. जुलै २०२३ मध्ये देशातले प्रमुख धावपटू दूरदृश्य बैठक घेऊन आपल्या घसरत्या वेतनाची चर्चा करीत होते. त्यांचे दुःख खरे होते. पण ज्यांच्यामुळे भाव पडला तेही त्यांच्यासारखेच, त्यांच्याहून गरजू धावपटू होते.

गंमत अशी की स्वस्त धावपटूंचे घराणे म्हणून गाजलेल्या शानाहनांनीच ऑक्टोबर २०२२ मध्ये ख्रिश्चन मॅकॅफ्री या एका धावपटूसाठी ड्राफ्टच्या चार जागा मोजल्या. त्याने किंमत वसूल करून दिली हे खरे. पण २०२४ च्या पहिल्याच सामन्यात तो जखमी असल्याने बसून राहिला आणि जॉर्डन मेसन मैदानात उतरला. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेला हा मुलगा दोन वर्षे बहुतांशी स्पेशल टीममध्येच राबला होता. त्या रात्री तो १४७ यार्ड धावला. माझ्या जावयांनी सामना पाहता पाहता त्याचे नाव दोनदा विचारून घेतले. मार्च २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने मेसनला मिनेसोटाकडे पाठवले, आणि त्याच्या बदल्यात जे घेतले ते ड्राफ्टच्या खालच्या फेऱ्यांतले क्रमांक होते.